खरूज हटत नाही, कारण ट्यूब एकच असते

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

‘खरुजेची औषधे आता लागूच पडत नाहीत’ ही तक्रार हल्ली वरचेवर कानावर येते, रुग्णांकडून आणि डॉक्टरांकडूनही. खरुजेवर लावायच्या पर्मेथ्रिन या औषधाची धार पूर्वीसारखी राहिलेली नाही, अशी शंका काही देशांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मांडली आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. पण औषधावर खापर फोडण्याआधी ते किती दिले, कोणाकोणाला दिले आणि दुसऱ्यांदा कधी दिले, एवढे तरी पाहावे. प्राथमिक उपचार केंद्रातून खरुजेसाठी निघणारी चिठ्ठी पुष्कळदा अशी असते: पर्मेथ्रिन ५ टक्के क्रीम, ३० ग्रॅम, एक ट्यूब, ‘रात्री लावणे’. नाव एकाचेच, ट्यूब एकच आणि तारीख एकही नाही. अशा चिठ्ठीने खरूज गेली तरच नवल.

साधा हिशेब करू. मोठ्या माणसाला हनुवटीपासून तळपायापर्यंत एकदा क्रीम लावायला पूर्ण ३० ग्रॅम लागतात. माणूस अंगाने थोराड असेल तर त्याहून जास्त. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला साधारण अर्धी ट्यूब, एक ते पाच वर्षांच्या मुलाला पाव ट्यूब, दोन महिन्यांपुढच्या तान्ह्याला ट्यूबेचा आठवा हिस्सा. आता एका घरात तीन मोठी माणसे, आठ वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी आहे असे धरा. एका वेळेला ९० अधिक १५ अधिक साडेसात, म्हणजे ११२.५ ग्रॅम. उपचार दोनदा करायचा, म्हणजे २२५ ग्रॅम, म्हणजेच साडेसात ट्यूबा. हातात पडली एक. मग जिथे खाज सुटते तिथे बोटाने ठिपका ठिपका लावायचे, उरेल ते धाकट्याला, आणि ट्यूब संपली की उपचार संपला. पंधरा दिवसांनी तोच रुग्ण परत येतो आणि केसपेपरवर ‘गुण नाही’ अशी नोंद होते.

दोनदा का, हे माइटच्या, म्हणजे खरूज करणाऱ्या सूक्ष्म किड्याच्या, आयुष्यक्रमावरून कळते. सार्कोप्टिस स्कॅबीआय हा खरुजेचा माइट जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटरचा. मादी कातडीच्या सर्वांत वरच्या थरात बीळ पोखरत जाते, रोज दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दीड महिना जगते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, पिल्ले कातडीच्या पृष्ठभागावर येतात आणि साधारण दोन आठवड्यांत पुढची पिढी अंडी घालण्याच्या वयाला येते. औषध मारते ते जिवंत माइटला. अंड्यांच्या बाबतीत पर्मेथ्रिनवर पुरता भरवसा ठेवता येत नाही, पोटात घ्यायच्या आयव्हरमेक्टिनच्या गोळीवर तर मुळीच नाही. म्हणून दुसरी खेप सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान. ती तिसऱ्याच दिवशी उरकली तर काही अंडी फुटायची राहिलेली असतात. महिन्याने दिली तर फुटलेल्यांनी नवी अंडी घालून ठेवलेली असतात.

हे काही आज उमगलेले नाही. खरुजेचे कारण जगापुढे आले तेही एका पत्रातूनच. १६८७ साली इटलीतल्या जोव्हान्नी कोझिमो बोनोमो या वैद्याने औषधविक्रेता चेस्तोनी याच्या साथीने सुईच्या टोकावर हा किडा काढला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याला अंडे घालतानाही पाहिले आणि ते सारे वैद्य आणि निसर्गशास्त्रज्ञ फ्रान्चेस्को रेडी यांना पत्राने कळवले. किडे मेले तरी बिळातली अंडी उरतात आणि रोग उलटतो, हेही त्यात आहे. सव्वातीनशे वर्षांहून जास्त काळ उलटला, तरी चिठ्ठीवर दुसऱ्या खेपेची तारीख लिहायची राहतेच.

दुसरा घोळ घरच्यांच्या बाबतीत होतो. खाज किड्याच्या चालण्याने सुटत नाही. किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांच्याविरुद्ध शरीर जी प्रतिक्रिया देते तिची ती खाज असते. ही प्रतिक्रिया तयार व्हायला पहिल्या वेळी चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस माणूस अगदी ठणठणीत दिसतो आणि इतरांना खरूज मात्र देत असतो. ज्याला एकदा खरूज होऊन गेली आहे त्याला पुन्हा लागण झाली की एक ते चार दिवसांत खाज सुरू होते. म्हणजे मुलगा खाजवून बेजार आणि त्याच्याजवळ झोपणारी आजी म्हणते ‘मला काही नाही’, तेव्हा आजीला सोडून चालत नाही. ज्याला खाज नाही त्यालाही त्याच रात्री औषध, हा नियम रुग्णाला विचित्र वाटतो. वरील कारण दोन वाक्यांत सांगितले तर पटतो. ‘घरच्या सगळ्यांना लावा’ एवढेच म्हटले तर पटत नाही. आणि ‘त्याच रात्री’ हे शब्दशः घ्यायचे. आज मुलाला, रविवारी वडिलांना, पुढच्या आठवड्यात कामावरून परतलेल्या काकाला, असे टप्प्याटप्प्याने औषध लावले की माइट घरातल्या घरात मुक्काम हलवत राहतो.

आता निदानाकडे. यासाठी रक्ताची तपासणी लागत नाही. लागतो तो प्रकाश, रुग्णाचे कपडे बाजूला करण्यापुरता आडोसा आणि पाच मिनिटे. तीन प्रश्न आधी विचारावेत: खाज रात्री वाढते का, घरात किंवा एकत्र राहणाऱ्यांत आणखी कोणाला खाज आहे का, आणि याआधी अंगाला काय काय लावून झाले. तिसरा प्रश्न बहुधा गाळला जातो आणि तोच महागात पडतो; त्याविषयी पुढे.

मग अंग पाहायचे. नुसते पुढे केलेले हात पाहून भागत नाही. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, कोपराचे टोक, काखेची पुढची घडी, बेंबीभोवतीचा भाग, कमरेला कपडा आवळतो ती रेघ, कुल्ले, मांड्यांची आतली बाजू. स्त्रियांमध्ये स्तनाग्राभोवती, पुरुषांमध्ये लिंग आणि अंडकोशावर. पुरुषाच्या जननेंद्रियावर खाजणाऱ्या लालसर गाठी किंवा पुटकुळ्या असतील तर निदान जवळजवळ झालेच, पण लाजेपोटी रुग्ण ते सांगत नाही आणि घाईपोटी डॉक्टर विचारत नाही. मोठ्यांमध्ये चेहरा आणि डोके सहसा सुटते. तान्ह्यांमध्ये मात्र तळहात, तळपाय, डोके, कानामागची जागा, काहीही सुटत नाही. तळपायावर पाण्याने भरलेल्या पुटकुळ्या असलेले किरकिरे, दूध न पिणारे बाळ पाहिले की आधी खरूज आठवावी आणि आईचे हात पाहावेत.

बीळ दिसले तर सोन्याहून पिवळे. ते पाच-दहा मिलिमीटर लांबीचे, करडे-पांढरट, नागमोडी रेघेसारखे असते आणि एका टोकाला बारीक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे माइट. नुसत्या डोळ्यांना रेघ लागत नसेल तर शाईची युक्ती करावी: संशयित जागेवर फाउंटन पेनची शाई किंवा मार्कर फिरवायचा, क्षणभर थांबायचे आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे. वरची शाई जाते, बिळात शिरलेली राहते आणि वाकडीतिकडी रेघ उमटते. दहापट मोठे दाखवणारा डर्मोस्कोप असेल तर त्याच टोकाला गडद त्रिकोण आणि त्यामागे फिकट पट्टा दिसतो, आकाशात विमानामागे धुराची रेघ राहते तसा.

कातडी खरवडून काचपट्टीवर पाहण्याची सोय असेल तर जरूर पाहावे. बिळावर खनिज तेलाचा थेंब टाकावा, १५ नंबरच्या ब्लेडने बीळ खरवडावे, ते काचपट्टीवर घ्यावे आणि कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहावे. नायटा तपासताना काचपट्टीवर वापरतो ते पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) इथे शक्यतो टाळावे, कारण त्यात माइटची विष्ठा विरघळते आणि एक पुरावा हातचा जातो. पण काही सापडले नाही म्हणून ‘खरूज नाही’ असे लिहू नये. साध्या खरुजेत अख्ख्या अंगावर मिळून सरासरी दहा-पंधरा माद्या असतात. पुरळ शेकडो जागी आणि किडे डझनभर. आपण खरवडलेल्या जागी तो नेमका सापडेलच असे नाही.

म्हणूनच खरुजेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले निकष प्राथमिक केंद्राला सोयीचे आहेत. माइट, अंडी किंवा विष्ठा प्रत्यक्ष दिसली तर निदान पक्के. बीळ दिसले, किंवा पुरुषाच्या जननेंद्रियावर नेहमीचे पुरळ दिसले, किंवा नेहमीचे पुरळ नेहमीच्या जागी असून खाज आणि जवळच्या माणसाला तसाच त्रास या दोन्ही गोष्टी असल्या, तर लक्षणांवरून निदान झाले असे धरून उपचार करावेत. यांतले अर्धेमुर्धेच जुळले तर ‘संशयित’. संशयिताला वाऱ्यावर सोडायचे नाही, पण दुसरे काही आहे का हेही तपासायचे. किडा चावून उठलेल्या गांधी उघड्या भागांवर, झुबक्याने असतात आणि बेचक्यांना शिवत नाहीत. नायट्याला कडा असते, मध्यभाग निवळत जातो. पित्ताच्या गांधी एका जागी २४ तासांहून अधिक टिकत नाहीत. इसब कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत, लहानपणापासूनचे. पण इसब असलेल्या मुलाला खरूजही होते, हे विसरले की मूल महिनोन्महिने ‘इसब बळावले’ म्हणून औषध घेत राहते. पुरळ अजिबात नाही आणि खाज सगळीकडे असेल तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड यांकडे पाहावे.

आता ते ‘आधी काय लावले’. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबेत भरलेली मिश्र क्रीमे खाजेवर सर्रास वापरली जातात. स्टेरॉइडने प्रतिक्रिया दबते, खाज उतरते, लाली जाते. माइट मात्र निवांत वाढतो आणि पुरळाचे रूप, जागा इतकी बदलते की जाणकारही चकतात. क्रीम थांबवले की आग भडकते, मग पुन्हा तेच क्रीम. खाज म्हणजे नायटा आणि नायटा म्हणजे ते क्रीम, ही साखळी औषधाच्या दुकानात आणि दवाखान्यात सारखीच घट्ट आहे. खाजेवरच्या मलमांच्या जाहिराती छापणाऱ्या वृत्तपत्रांनीही यावर कधी दोन ओळी लिहाव्यात, ही विनंती.

औषध लावण्याची रीत चिठ्ठीवर मावत नाही, म्हणून ती सिस्टरने तोंडी सांगून रुग्णाकडून पुन्हा वदवून घ्यावी. नखे कापावीत. संध्याकाळी, अंग कोरडे आणि गार असताना क्रीम लावावे. हनुवटीच्या रेघेपासून खाली सगळीकडे, जिथे पुरळ नाही तिथेही: कानामागे, मानेवर, बेचक्यांत, नखांच्या खाली, बेंबीत, कुल्ल्यांच्या फटीत, जननेंद्रियावर, पायाच्या बोटांमध्ये, तळपायावर. पाठीला दुसऱ्याने लावावे. एकट्या राहणाऱ्या वृद्धाची पाठ हमखास राहून जाते. दोन वर्षांखालच्या मुलांना आणि वृद्धांना डोके, कपाळ, चेहराही, फक्त डोळे आणि तोंडाभोवतीची जागा सोडून. आठ ते चौदा तास ठेवून सकाळी आंघोळ.

या रात्रीत सर्वांत जास्त बिघडते ते हातांचे. जेवणे, भांडी, शौच, प्रत्येक वेळी हात धुतले जातात, आणि माइटचा आवडता मुक्काम तर मनगट आणि बेचक्याच. हात धुतले की हातांना पुन्हा लावायचे, हे एक वाक्य सांगितले नाही तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. क्रीम शक्यतो सगळी कामे उरकून, झोपण्याआधी लावावे. तान्ह्याच्या हातांत स्वच्छ मोजे घालावेत, म्हणजे क्रीम तोंडात जात नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजण्याआधी स्तनाग्र पुसून धुवावे आणि नंतर पुन्हा लावावे.

पर्मेथ्रिन नसेल तर बेन्झिल बेन्झोएट २५ टक्के हे जुने लोशन आहे आणि ते नीट वापरले तर चांगले काम करते. ते २४ तासांच्या अंतराने सलग दोन-तीन दिवस लावायचे. झोंबते, म्हणून मुलांसाठी तेवढेच पाणी घालून निम्मे, म्हणजे १२.५ टक्के करावे. खाजवून सोललेल्या कातडीवर ते आग करते आणि रुग्ण पहिल्याच रात्री ते सोडून देतो. आग होणार हे आधी सांगितले तर निदान फसवले गेल्यासारखे वाटत नाही. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी गंधकाचे ५ ते १० टक्के मलम सलग तीन रात्री. वास येतो, कपडे डागाळतात, पण सुरक्षित आहे. गरोदर स्त्रीलाही ते चालते, आणि पर्मेथ्रिनही चालते. लिंडेन हे खरुजेवरचे जुने औषध मात्र आता विसरावे. ते कातडीतून शोषले जाऊन मेंदूवर परिणाम करते आणि लहान मुलांना त्याने झटके आलेले आहेत.

आयव्हरमेक्टिनच्या गोळीने बऱ्याच अडचणी सुटतात, पण तिची मात्रा अंदाजाने देण्याची सवय वाईट. मात्रा दर किलो वजनाला २०० मायक्रोग्रॅम. १५ ते २४ किलोला ३ मिलिग्रॅम, २५ ते ३५ ला ६, ३६ ते ५० ला ९, ५१ ते ६५ ला १२ आणि ६६ ते ७९ ला १५. सरसकट प्रत्येकाला १२ ची एक गोळी लिहिली, तर ७५ किलोच्या माणसाला ती कमी पडते आणि ३० किलोच्या मुलाला दुप्पट होते. वजनकाटा प्रत्येक केंद्रात असतो. त्यावर रुग्णाला उभे करायला वेळ लागत नाही. खरुजेसाठी ही गोळी जेवणानंतर घ्यावी, म्हणजे कातडीत जास्त पोहोचते. तिचीही दुसरी मात्रा सात ते चौदा दिवसांनी. १५ किलोखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना देत नाहीत. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू असेल तर रक्त गोठण्याच्या तपासणीवर लक्ष ठेवावे.

गोळीचा खरा उपयोग वसतिगृह, वृद्धाश्रम, तुरुंग अशा ठिकाणी, जिथे शंभर जणांच्या पाठीला एका रात्री क्रीम लावणे कोणालाच शक्य नाही. फिजी बेटांवर यावर एक मोठा प्रयोग झाला आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटात फक्त खरूज असलेल्यांना आणि त्यांच्या निकटच्यांना क्रीम दिले, दुसऱ्यात झाडून सगळ्यांना क्रीम, तिसऱ्यात झाडून सगळ्यांना आयव्हरमेक्टिन. वर्षभराने पहिल्या गटात खरुजेचे प्रमाण ४९ टक्क्यांनी घटले होते, दुसऱ्यात ६२ टक्क्यांनी आणि तिसऱ्यात ९४ टक्क्यांनी. तिसऱ्या गटात ३२.१ टक्के लोकांना असलेली खरूज १.९ टक्क्यांवर आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरुजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले आणि २०१९ मध्ये खरुजेसाठी आयव्हरमेक्टिनला अत्यावश्यक औषधांत. अशा संस्थेत उपचाराच्या दिवशी कर्मचाऱ्यांनाही धरावे आणि रजेवर असलेल्यांची नावे वेगळी लिहून ठेवावीत. रजेवरून परतलेला एक जण पुरतो.

कपड्यांवर मात्र नको तेवढी ताकद खर्च होते. माणसाचे अंग सुटले की माइट साधारण दोन-तीन दिवसांत मरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे स्वयंसेवकांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांचे कपडे आणि पांघरुणे वापरायला देऊनही लागण फार थोड्यांना झाली. साधी खरूज पसरते ती मुख्यत्वे अंगाला अंग लागून, तेही काही मिनिटे: एका अंथरुणात झोपणे, मूल कडेवर घेणे, शरीरसंबंध. ओझरत्या स्पर्शाने नाही. तेव्हा उपचाराच्या सकाळी मागच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून चार दिवस ते आठवडाभर बाजूला ठेवावे. एवढे पुरे. घरभर कीटकनाशक फवारणे, गादी फेकणे, जंतुनाशक घालून आंघोळ करणे, अंग घासून लाल करणे, यांतले काहीच नको. खरूज अस्वच्छतेची नव्हे. रोज दोनदा साबण लावणाऱ्यालाही ती होते आणि साबणाने ती जातही नाही. कुत्र्याची खरूज वेगळ्या जातीच्या माइटची असते. तिच्याने माणसाला थोडे दिवस खाज येईल, पण ती माणसाच्या अंगावर नांदत नाही.

उपचार झाल्यावरची खाज हा मात्र बारकाईने सांगण्याचा विषय आहे. मेलेले माइट आणि त्यांची विष्ठा कातडीची वरची परत झडेपर्यंत तिथेच असते, म्हणून दोन ते चार आठवडे खाज राहते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण रोज रात्री पर्मेथ्रिन लावू लागतो, कातडी कोरडी पडून चिडते, खाज वाढते, आणि आता ती औषधाची खाज असते. या काळात साधे मॉइश्चरायझर, रात्री झोप लागेल अशी अँटिहिस्टामिनची गोळी, आणि इसबासारख्या उरलेल्या चट्ट्यांवर थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड. माइट मेल्यावर स्टेरॉइडला हरकत नाही, आधी होती. अंडकोशावरच्या किंवा काखेतल्या गाठी तर महिनोन्महिने राहू शकतात आणि त्यात जिवंत माइट असेलच असे नाही.

पू भरलेली खरूज हलकी समजू नये. खाजवून फुटलेल्या कातडीत स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस हे जंतू शिरतात. प्रतिजैविके देऊन पू सुकवला आणि ‘खरूज नंतर बघू’ म्हटले तर दार उघडेच राहते. दोन्ही उपचार एकत्र सुरू करावेत, आणि कातडी फार सोललेली असेल तर लोशनऐवजी, वजन बसत असल्यास, गोळी. काही आठवड्यांनी मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला, लघवी कमी आणि गडद तांबूस झाली, तर मूत्रपिंडाला सूज आल्याची शक्यता असते. रक्तदाब मोजून लघवी त्याच दिवशी तपासावी.

एक प्रकार प्राथमिक केंद्राने स्वतःच्या अंगावर घेऊ नये. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत, दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेल्यांत, अगदी वृद्धांत कधी कधी हातापायांवर, कोपरांवर, नखांखाली जाड, भुरभुरीत पापुद्रे जमतात आणि खाज फारशी नसते. ते सोरायसिस समजले जाते. ही पापुद्र्यांची खरूज. इथे माइट हजारोंनी, कधी लाखोंनी असतात आणि गळणाऱ्या पापुद्र्यांतूनही पसरतात, त्यामुळे अंथरूण-पांघरूण, खुर्च्या यांना इथे खरेच महत्त्व आहे. त्यासाठी पापुद्रे मऊ करणारे मलम, आठवडाभर रोज पर्मेथ्रिन आणि आयव्हरमेक्टिनच्या अनेक मात्रा लागतात. तीव्रतेनुसार तीन, पाच किंवा सात, उदाहरणार्थ पहिल्या, दुसऱ्या, आठव्या, नवव्या आणि पंधराव्या दिवशी. वसतिगृहात किंवा वृद्धाश्रमात खरूज पुन्हा पुन्हा उलटत असेल तर असा एखादा न ओळखलेला रुग्ण आत आहे का, हे आधी शोधावे.

मुलाला शाळेतून किती दिवस काढायचे, हा नेहमीचा प्रश्न. पहिली खेप नीट लावून झाली की दुसऱ्या दिवशी ते जाऊ शकते.

तेव्हा केसपेपरवर औषधाच्या नावाखाली आणखी चार ओळी असाव्यात, एवढेच आमचे म्हणणे आहे. घरात किती माणसे झोपतात आणि प्रत्येकाचे वय किंवा वजन. त्यावरून एकूण ग्रॅम किंवा गोळ्या. पहिल्या रात्रीची तारीख. दुसऱ्या रात्रीची तारीख. आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा बोलावणे. त्या दिवशी ‘खाज आहे का’ हा प्रश्न पुरेसा नाही. कपडे बाजूला करून नवी बिळे, नव्या जागी उठलेले पुरळ शोधावे. ती दिसली तर आधी वरच्या चार ओळी तपासाव्यात: कोण राहिले, कुठली रात्र चुकली, किती ट्यूबा खरोखर नेल्या. ते सारे जागच्या जागी असेल, तर मात्र औषध बदलायला हरकत नाही.

आपले,
प्राथमिक उपचार आणि त्वचारोग विभागांत काम करणारे काही डॉक्टर